आयकराचे टप्पे आणि वर्षभराचं पैशाचं नियोजन: पगारदारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दरवर्षी जुलै उजाडला की आमच्या सोसायटीतले चार-पाच जण फॉर्म 16 (पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. पगार वाढून वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्याच पगारावर जास्त टक्के लागणार का? मार्चमध्ये विम्याची पॉलिसी घेतली, तरी टॅक्स तेवढाच कसा? बारा लाखांपर्यंत माफ आहे म्हणतात, मग मला भरायला का लावताय?

या सगळ्यांचं मूळ एकच आहे. हिशेब उलट्या क्रमाने केला जातो. आधी गुंतवणूक, मग करप्रणालीची निवड (वजावटींची जुनी की कमी दरांची नवी) आणि उत्पन्नाची बेरीज सगळ्यात शेवटी, तीही रिटर्न भरताना. खालच्या पायऱ्या म्हणूनच त्याच क्रमाने करा, एकही ओलांडू नका.

आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातल्या उत्पन्नाचे. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. 2025-26 च्या उत्पन्नाला मात्र 1961 चाच कायदा लागतो, म्हणून इथे जुने, ओळखीचे क्रमांक ठेवले आहेत. पुढच्या कोणत्याही वर्षाचा हिशेब करताना आधी त्या वर्षीचे दर पाहून घ्या.

1. आधी कागद जमवा

एक फाइल करा, कागदाची किंवा मोबाइलमधली. त्यात हे हवं:

- कंपनीचं पगाराचं ब्रेकअप पत्र: बेसिक, घरभाडे भत्ता, पीएफ, इतर भत्ते वेगवेगळे दिसणारं
- सर्व बँका, पोस्ट आणि पतसंस्थांमधल्या ठेवींच्या व्याजाचे दाखले
- शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या विक्रीचं स्टेटमेंट
- गृहकर्ज असेल तर मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारा बँकेचा दाखला
- भाड्याचा करार आणि भाडं बँकेतून गेल्याच्या नोंदी
- ई-फायलिंग पोर्टलवरचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि फॉर्म 26एएस (कापल्या गेलेल्या कराची नोंद)

एआयएस उघडून पाहण्याचा अनेकजण कंटाळा करतात. तुमच्या पॅनवर कोणी किती व्याज, लाभांश, भाडं दिलं, कोणते शेअर विकले गेले, हे आयकर विभागाला तिथे आधीच दिसत असतं. तुम्हीही ते पाहून ठेवायला हवं.

इशारा: पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज बऱ्याचदा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) न कापता मिळतं आणि एआयएसमध्येही दिसेलच असं नाही. म्हणून ते करमुक्त ठरत नाही. पासबुक घ्या आणि व्याजाचा आकडा स्वतः लिहून काढा.

2. सगळ्या उत्पन्नाची एकच बेरीज करा

टप्पे (स्लॅब) लागतात ते वर्षभराच्या एकूण करपात्र उत्पन्नाला. नुसत्या पगाराला नाही. पगार, व्याज, भाडं, लाभांश, फावल्या वेळच्या क्लासची किंवा सल्ल्याची फी, सगळं एका कागदावर मांडा.

इथे तीन गफलती वारंवार होतात.

पहिली, बायकोच्या नावावर ठेवलेली एफडी. पैसे तुम्ही दिले असतील तर व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचंही तसंच, ते आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात जातं. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलांना दिलेल्या पैशाला हा नियम लागत नाही. त्यांना पैसे खरोखरच दिले असतील, तर त्यावरचं व्याज त्यांचं उत्पन्न.

दुसरी गफलत शेतीची. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं. पण ते 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर इतर उत्पन्नावरचा दर ठरवताना ते मोजलं जातं. गावाकडच्या जमिनीतून लाखभर रुपये येणाऱ्या नोकरदाराने ते लपवायचंही नसतं आणि विसरायचंही नसतं. त्याला रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-1, हाही चालत नाही.

तिसरी सगळ्यात महागात पडते: वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणं. समजा, एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीने 6,00,000 दिले आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरीने 7,50,000. पहिल्या कंपनीने वर्षाचे बारा लाख धरले, कर शून्य निघाला (का, ते पायरी 4 मध्ये), काही कापलं नाही. दुसरीने फक्त स्वतःचे साडेसात लाख धरले, तिथेही शून्य. प्रत्यक्षात एकूण 13,50,000 झाले. स्टँडर्ड डिडक्शनचे (पगारदाराला मिळणारी ठरावीक वजावट) 75,000 वजा जाता 12,75,000. त्यावर नव्या प्रणालीत कर 71,250 आणि 4 टक्के उपकर धरून 74,100. हे सगळे जुलैत एकदम भरायचे, वर व्याज वेगळं.

तपासा: नवीन कंपनीत रुजू झाल्यावर जुन्या पगाराची माहिती फॉर्म 12बी भरून दिली का? एचआर विचारेल याची वाट पाहू नका.

3. टप्प्यांचा हिशेब हाताने एकदा करा

नव्या प्रणालीतले टप्पे असे:

- 4 लाखांपर्यंत: शून्य
- 4 ते 8 लाख: 5 टक्के
- 8 ते 12 लाख: 10 टक्के
- 12 ते 16 लाख: 15 टक्के
- 16 ते 20 लाख: 20 टक्के
- 20 ते 24 लाख: 25 टक्के
- 24 लाखांच्या वर: 30 टक्के

जुन्या प्रणालीत साठीच्या आतल्यांना 2.5 लाखांपर्यंत शून्य, 5 लाखांपर्यंत 5 टक्के, 10 लाखांपर्यंत 20 टक्के आणि त्यावर 30 टक्के. साठ ते ऐंशी वयाला मूळ मर्यादा 3 लाख, ऐंशीच्या पुढे 5 लाख. निघालेल्या करावर दोन्हीकडे 4 टक्के उपकर.

आता मुख्य गोष्ट. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या रकमेला लागतो. एकूण पगार 15,75,000 असेल तर स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 वजा करून 15,00,000 राहतात. पहिल्या 4 लाखांवर काही नाही. पुढच्या 4 लाखांवर 20,000. त्याच्या पुढच्या 4 लाखांवर 40,000. उरलेल्या 3 लाखांवर 15 टक्क्यांनी 45,000. बेरीज 1,05,000, उपकर 4,200, एकूण 1,09,200. पंधरा लाखांचे पंधरा टक्के म्हणजे सव्वादोन लाख असा हिशेब करून धास्तावलेली माणसं मी पाहिली आहेत.

हा हिशेब कॅल्क्युलेटरवर न करता एकदा कागदावर करा. एकदा हाताने केला की पगारवाढीची भीती जाते. सोळा लाखांच्या टप्प्यात गेलात, तर सोळाच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले 20 रुपये आणि उपकर जातो, बाकीचे तुमच्या हातात पडतात.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घेणं फार गरजेचं आहे.

4. बारा लाखांचा उंबरठा

नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87ए खाली 60,000 पर्यंतची करसवलत मिळते आणि कर शून्य होतो. पगारदाराला 75,000 ची वजावट धरून 12,75,000 पर्यंतच्या पगारावर काही भरावं लागत नाही. पण ही सवलत म्हणजे 12 लाखांची माफी नाही. उत्पन्न त्याच्या वर गेलं की 4 लाखांपासूनचा सगळा हिशेब जिवंत होतो.

एक रुपया जास्त मिळाला म्हणून साठ हजार भरावे लागू नयेत, यासाठी कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे: 12 लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर नाही. करपात्र उत्पन्न साधारण 12,70,600 होईपर्यंत ही सवलत कामाला येते. याचा दुसरा अर्थ असा, की 12 लाख ते 12.70 लाख या पट्ट्यातली जवळजवळ प्रत्येक जादा कमाई करातच जाते, वर 4 टक्के उपकर खिशातून.

2025-26 च्या हिशेबात ओळखीच्या एका शिक्षिकेला मी हे दाखवलं, तेव्हा तिचा विश्वास बसेना. पगार बरोबर 12,75,000, म्हणजे कर शून्य असं ती धरून चालली होती. पतसंस्थेतल्या ठेवीचं 30,000 व्याज तिने मोजलंच नव्हतं. करपात्र उत्पन्न 12,30,000 झालं. टप्प्यांप्रमाणे कर 64,500, सीमांत सवलतीनंतर 30,000, उपकर 1,200. म्हणजे भरायचे 31,200. वर्षाचं सगळं व्याज गेलं आणि वरून बाराशे रुपये.

तुम्ही या पट्ट्यात असाल तर करण्यासारखं एक काम आहे, पण ते वर्ष संपायच्या आत करावं लागतं. कंपनी तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात जो वाटा भरते, त्याला कलम 80सीसीडी(2) खाली नव्या प्रणालीतही वजावट मिळते, बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत. समजा पगार 13,25,000, बेसिक 5,30,000. करपात्र 12,50,000, कर उपकरासह 52,000. याच पगारातले 50,000 कंपनीच्या वाट्यातून एनपीएसमध्ये वळवून घेतले (मर्यादा 74,200 येते), तर करपात्र बरोबर 12,00,000 आणि कर शून्य. जे पैसे करात जाणार होते ते तुमच्या निवृत्तीच्या खात्यात पडले. हे पैसे अनेक वर्षं अडकतात, शेवटी मोठ्या रकमेच्या काही भागाचं पेन्शन घ्यावं लागतं. या पट्ट्यात तरीही मला हा सौदा सरळ फायद्याचा वाटतो.

इशारा: एनपीएसमध्ये स्वतः भरलेल्या पैशाला नव्या प्रणालीत वजावट नाही. कंपनीच्या वाट्यालाच आहे. त्यासाठी एचआरकडून पगाराची रचना बदलून घ्यावी लागते.

इशारा: इक्विटी शेअर्स आणि फंडांतल्या नफ्यावरचा विशेष दराचा कर (वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतरच्या नफ्यावर सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के) या करसवलतीतून सुटत नाही. पगार दहा लाख आहे म्हणून शेअर्सवरचाही कर माफ, असं धरू नका.

परदेशात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: 87ए ची सवलत भारतातल्या निवासी व्यक्तीलाच मिळते. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन दुबईत राहणाऱ्याला 4 लाखांच्या वर कर लागतो.

5. मगच जुनी आणि नवी प्रणाली शेजारी ठेवा

नव्या प्रणालीत 80सी (पीएफ, पीपीएफ, विमा हप्ता वगैरेंची वजावट), 80डी (आरोग्य विम्याची), घरभाडे भत्त्याची सूट, राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज, यातलं काहीही मिळत नाही. जुन्या प्रणालीत मिळतं, पण दर चढे आहेत आणि स्टँडर्ड डिडक्शन 50,000 च. मग प्रश्न एवढाच उरतो: तुमच्या वजावटी किती झाल्या की जुनी परवडते?

महाराष्ट्रातला 2,500 रुपयांचा व्यवसाय कर आणि स्टँडर्ड डिडक्शन आधीच धरून, त्याशिवाय लागणाऱ्या वजावटी अशा येतात:

- एकूण पगार 12,75,000: सुमारे 7.2 लाख, तेव्हा कुठे जुनीतही शून्य होतं
- 15,75,000: 5.6 लाख
- 20,75,000: सुमारे 7.3 लाख
- 24,75,000 आणि वर: सुमारे 8 लाख

एक उदाहरण जवळून पाहू. ठाण्यात भाड्याने राहणारा तरुण. पगार 15,75,000, बेसिक महिना 65,000, घरभाडे भत्ता महिना 26,000, प्रत्यक्ष भाडं 30,000. घरभाडे भत्त्याची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याइतकी मिळते: मिळालेला भत्ता 3,12,000, भाडं वजा बेसिकचे 10 टक्के, म्हणजे 3,60,000 वजा 78,000, येतात 2,82,000, आणि बेसिकचे 40 टक्के, 3,12,000. सूट 2,82,000 ची. (महाराष्ट्रात 50 टक्के फक्त मुंबईला. ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर 40 मध्ये.) त्यात 80सी चे पूर्ण 1,50,000, एनपीएसचे जादा 50,000, स्वतःच्या आरोग्य विम्याचे 25,000 आणि ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्याचे 50,000 मिळवले. बेरीज 5,57,000.

एवढं सगळं करून जुन्या प्रणालीत कर 1,09,824. नव्या प्रणालीत काहीही न करता 1,09,200. म्हणजे या सगळ्या वजावटी काठोकाठ वापरूनही जुनी सव्वासहाशे रुपयांनी महाग. याच तरुणाच्या नावावर भाड्याच्या घराशिवाय गृहकर्जही असतं आणि त्याचं व्याज धरता आलं असतं, तर पारडं फिरलं असतं. भाडं आणि गृहकर्ज दोन्ही खऱ्या अर्थाने असणाऱ्यांनी जुनी प्रणाली नक्की मोजून पाहावी. बाकी बहुतेकांना नवीच स्वस्त पडते, असा माझा अनुभव आहे.

तपासा: वजावटींच्या यादीत फक्त आधीपासून होणारे खर्च लिहिले ना? "घेऊ एखादी पॉलिसी" अशी रक्कम धरून तुलना करू नका. तीस टक्के कर वाचवायला शंभर रुपये नको त्या जागी अडकवले, तर सत्तर रुपये तुमचेच अडकले.

आई-वडिलांना भाडं देत असाल तर ते बँकेतून द्या, करार करा आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवा. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. महिना 50,000 च्या वर असेल तर 2 टक्के टीडीएस तुम्ही कापायचा असतो.

6. निवड कंपनीला कळवा

एप्रिलमध्ये एचआर विचारतं: कोणती प्रणाली? उत्तर दिलं नाही तर नवी धरली जाते. इथे केलेली निवड फक्त टीडीएससाठी असते. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना दरवर्षी बदल करता येतो. धंदा किंवा व्यावसायिक प्रॅक्टिस असणाऱ्यांना मात्र जुनी प्रणाली निवडायला फॉर्म 10-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्यात परतल्यावर धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. त्यांनी सल्लागाराशी बोलल्याशिवाय हात घालू नये.

इशारा: जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरलं पाहिजे. उशिरा भरलेल्या रिटर्नला नवीच प्रणाली लागते. कंपनीने वर्षभर जुन्या प्रणालीने टीडीएस कापला असला तरीही.

7. गुंतवणूक आता ठरवा

नवी निवडली असेल तर कर वाचवण्यासाठी म्हणून एकही पॉलिसी घेऊ नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 50,000 हप्त्याची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली) पॉलिसी घेतलेला माणूस वीस वर्षं तो हप्ता भरत राहतो आणि नव्या प्रणालीत त्याची करबचत असते शून्य. क्रम असा ठेवा: सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशी, मग टर्म विमा आणि आरोग्य विमा, मग मुलांचं शिक्षण, घर, निवृत्ती यांसाठीची गुंतवणूक. आरोग्य विम्यावर वजावट मिळत नाही म्हणून तो बंद करण्याची चूक मात्र करू नका. कर वाचवणं हे त्या विम्याचं काम कधी नव्हतंच.

जुनी निवडली असेल तर 80सी ची दीड लाखांची मर्यादा आधीच किती भरली आहे ते मोजा. वरच्या ठाण्याच्या तरुणाचा स्वतःचा पीएफच बेसिकच्या 12 टक्क्यांनी महिना 7,800, वर्षाला 93,600 होतो. त्याला भरायचे उरले फक्त 56,400. मुलांच्या शाळेची ट्यूशन फी आणि गृहकर्जाचं मुद्दलही याच दीड लाखात मोडतं. हे न मोजता दीड लाख नवीन गुंतवणारे दरवर्षी भेटतात.

पीपीएफमध्ये पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत जमा झाले पाहिजेत. व्याज 5 तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. वर्षाची रक्कम एकदम भरणार असाल तर 5 एप्रिलच्या आत भरा.

8. वर्ष चालू असताना चार वेळा पाहा

टीडीएस वजा जाऊन भरायचा कर 10,000 किंवा जास्त राहत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75, 15 मार्चपर्यंत पूर्ण. धंदा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. याच चार तारखांना दुसऱ्या पायरीची बेरीज नव्याने करा. बोनस मिळाला, शेअर्स विकले, एफडी मोडली, तर आकडे हललेले असतात. सोपा मार्ग म्हणजे व्याजाचं अंदाजे उत्पन्न कंपनीला कळवणं, मग टीडीएस पगारातूनच जास्त कापला जातो.

बँक वर्षाच्या 50,000 व्याजापर्यंत (ज्येष्ठांना 1,00,000) टीडीएस कापत नाही, आणि कापते तो 10 टक्के. तुमचा वरचा टप्पा 20 किंवा 30 टक्क्यांचा असेल तर फरक तुम्हालाच भरायचा असतो.

इशारा: कर लागत असताना टीडीएस टाळायला फॉर्म 15जी (आपल्याला कर लागत नाही असं बँकेला दिलेलं निवेदन) देऊ नका. ते खोटं निवेदन ठरतं.

9. रिटर्न भरताना

फॉर्म 16 कंपनीने 15 जूनपर्यंत द्यायचा असतो. तो, एआयएस आणि तुमचा स्वतःचा कागद, तिन्ही जुळवा. फॉर्म 16 मध्ये व्याज नसेल तर ते हाताने भरा. पोर्टलवर आधीच भरून येणारे आकडे तसेच पुढे ढकलू नका. आयटीआर-1 ची नेहमीची मुदत 31 जुलै. मी मात्र जूनअखेर संपल्यावर, टीडीएसच्या नोंदी पूर्ण दिसू लागल्या की लगेच भरायला सांगतो.

भरल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. नाही केलं तर रिटर्न भरलंच नाही असं समजतात. परताव्यासाठी दिलेलं बँक खातं पोर्टलवर प्रमाणित झालं आहे का ते पाहा. काही आठवड्यांनी कलम 143(1) ची सूचना ईमेलवर येते. तिच्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही दाखवलेल्या आकड्यांचा, दुसरा विभागाने मोजलेल्या. ओळीने ओळ ताडून पाहा. फरक व्याजाच्या ओळीत सापडला, तर पासबुक पुन्हा काढा.